धनाजीराव वेळेवर पोचतात

आमचे धनाजीराव स्वतःच्या लग्नाला पावणेदोन तास उशिरा आले. मुहूर्त टळला, गुरुजींनी पंचांग पुन्हा उघडून गोरज काढला, आणि अहल्येचे वडील मांडवात येरझाऱ्या घालून घामेघूम झाले. नवरदेव कुठे होते? तर बडोद्याला रावपुऱ्याच्या घरी माडीवर, एका जुन्या नकाशाचा फाटका कोपरा चिकटवत. मला नंतर अगदी निरागसपणे म्हणाले, "लेई लावून झाली होती, वहिनी. ओली टाकून कसा निघणार?"

हे माझे चुलतदीर. आमच्या ह्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, आईवडिलांना एकुलते एक. नोकरी केली ती जुन्या संस्थानी दफ्तरातले कागद सांधायची. वाळवीनं चाळण केलेले हुकूम, पुरात भिजून एकमेकांना चिकटलेली पानं, असलं काहीबाही त्यांच्या टेबलावर यायचं आणि चार-सहा महिन्यांनी धडधाकट होऊन परत जायचं. हात असा हलका, की एकदा माझ्या आजेसासूबाईंची पोथी त्यांनी नीट करून दिली तर सांधा कुठे आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही. फक्त चातुर्मासात वाचायला हवी म्हणून दिलेली पोथी पुढच्या वर्षीच्या चातुर्मासात आली.

"कागदाला घाई केली की कागद फाटतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कागदापुरतं ठीक होतं हो. पण त्यांनी ते अख्ख्या संसाराला लावलं. अहल्येनं घरातलं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे करून ठेवलं, तर ते बघून मनात चाळीस वजा करायचे आणि वर दहा मिनिटं स्वतःच्या पदरची घालायचे. धनाजीरावांचे वडील, म्हणजे मानसिंगराव काका, याच्या अगदी उलट. दहा वीसला ते कचेरीला निघाले की समोरचा सोनार आपलं घड्याळ लावून घ्यायचा. अशा बापाच्या पोटी हे!

आणि देवाधर्माचं म्हणाल तर धनाजीराव वर्षातून एकदा गणपतीला हात जोडणार, तेही आरती संपल्यावर. पण कुठे जायचं टाळायचं असलं, की मात्र त्यांना पंचांग आठवायचं. मग माझा फोन वाजायचा. "वहिनी, आज दिवस कसा आहे हो?" मी आपली भाबडेपणानं सांगायची, पंचक लागलंय, नाहीतर दुपारी राहुकाळ आहे. लगेच तिकडे अहल्येला निरोप, "वहिनी नको म्हणतात." किती वर्षं माझं नाव असं वापरलं गेलं याचा मला पत्ताच नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. सोनोग्राफी करा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी ती दोन महिन्यांनी केली. यकृताच्या उजव्या बाजूला आठ सेंटीमीटरची गाठ निघाली. सुई घालून तपासणी झाली, आणि कॅन्सर म्हणून कागद हातात आला.

नातेवाइकांत लगेच कुजबुज सुरू. यकृत म्हटल्यावर लोकांना दुसरं काय सुचणार! निजामपुऱ्याच्या एक बाई तर मला भाजीच्या लारीपाशी गाठून विचारत्या झाल्या, "प्यायचे का हो?" मी म्हटलं, पितात, दोन चमचे साखरेचा चहा, दिवसातून सात वेळा. धनाजीरावांच्या कानावर गेलं तेव्हा ते हसले, पण दुखावलेही. "आयुष्यभर थेंबाला शिवलो नाही. आता बदनामी झालीच आहे तर एकदा चव तरी घेऊन बघायला हवी होती." डॉक्टरांच्या मते दोष दारूचा नव्हताच. साखरेचा आजार, यकृतात साठलेली चरबी, आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी तर्रीवाली सेव-उसळ, यांचं ते सगळं मिळून झालेलं काम.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांकडे आम्ही चौघं गेलो होतो. ते दोघं, त्यांचा मुलगा ध्रुव आणि मी. डॉक्टर तरुण, बोलायला गोड, मराठी-गुजराती दोन्हीत तरबेज. त्यांनी कागदावर यकृत काढून दाखवलं. गाठ कापून काढता येईल, पण आज नाही. उजवी बाजू सगळी काढावी लागणार आणि डावी उरेल ती इतकी लहान, की तेवढ्यावर माणूस जगायचा नाही. मग करायचं काय? तर आधी उजवीकडच्या गाठीत किरणोत्सर्गी काचेचे कण सोडायचे, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. ते आतल्या आत गाठ जाळतात, उजवी बाजू आकसते, आणि डावी हळूहळू वाढते. तीन-चार महिन्यांत ती पुरेशी वाढली की ऑपरेशन.

"यकृत वाढतं?" अहल्येनं विचारलं.

"वाढतं, काकी. शरीरात असा एकच गुणी अवयव आहे."

"आणि हे कण बरोबर गाठीतच कसे जाणार?" हे धनाजीरावांनी विचारलं. इतका वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. आता खुर्ची पुढे ओढली.

डॉक्टर म्हणाले, "चांगल्या यकृताला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. गाठ मात्र धमनीतून पिते. आम्ही बारीक नळी थेट त्या धमनीत नेतो."

"म्हणजे चोर दुसऱ्याच नळाला तोंड लावून बसलाय, म्हणून सापडतो."

"अगदी तसंच, काका."

परतताना रिक्षात धनाजीराव एवढंच म्हणाले, "काम नाजूक आहे." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

खऱ्या औषधाआधी एक रंगीत तालीम असते. नळी घालून साधा, सौम्य पदार्थ सोडतात आणि तो गाठीतच राहतो की फुप्फुसात, पोटात पळतो ते बघतात. तालमीला साडेआठला बोलावलं होतं. धनाजीराव दहाला पोचले. का? तर वाटेत एका रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात त्यांना जुने मोडी कागद दिसले. तिथल्या संयोगिताबेन, ज्या सगळ्या रुग्णांच्या तारखा सांभाळतात, त्यांनी कमरेवर हात ठेवून सुनावलं, "काका, आज चालून गेलं. पण खरी दवा तमारी राह नहीं जुए, हं! ती थांबत नसते."

"शांति राखो, बेन," धनाजीराव म्हणाले. या दोन शब्दांवर त्यांनी बडोद्यात सहासष्ट वर्षं काढली.

तालीम चांगली झाली. खऱ्या औषधाची तारीख आली, गुरुवार, सकाळी दहा.

आता माझी चूक सांगते. माझ्या रोजनिशीच्या वहीत सोमवारच्या पानावर लिहिलेली आहे, त्यामुळे लपवायची सोय नाही. पितृपक्ष चालू होता. मी दुपारी देवघरात वाती वळत बसले होते, तेवढ्यात फोन.

"वहिनी, गुरुवारी तिथी कोणती?"

मी न बघताच सांगितलं, "द्वादशी. मानसिंगराव काकांची तिथी नाही का ती! भावजी, त्या दिवशी बारा वाजता तुम्ही पाटावर पाहिजेत. दुसरं काही ठेवू नका बाई."

"नाही ठेवत," ते म्हणाले. आवाज इतका आनंदी, की माझ्या लक्षात यायला हवं होतं. श्राद्धाला दरवर्षी गुरुजींना ताटकळत ठेवणारा हा माणूस तीन दिवस आधी तिथी विचारतोय! पण मला वाटलं, आजारपणानं सुबुद्धी दिली. दत्तगुरूंना हात जोडले आणि परत वाती वळायला घेतल्या. गुरुवार हा औषधाचा दिवस आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी अहल्येचा फोन आला. ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"ताई, तुम्ही ह्यांना गुरुवारी दवाखान्यात जाऊ नका म्हणून सांगितलंत?"

"मी? कुठला दवाखाना?"

"यांनी काल हॉस्पिटलात कळवलं, बाबांचं श्राद्ध आहे, घटस्थापना झाली की पुढच्या गुरुवारी येतो. आत्ता संयोगिताबेनचा फोन आला तेव्हा मला समजलं. विचारलं तर म्हणतात, वहिनींनी सांगितलं."

पोळ्यांची कणीक तशीच झाकून मी रिक्षा पकडली. रावपुऱ्यात त्या दिवशी कुठली तरी मिरवणूक अडली होती, तर रिक्षावाल्याला म्हटलं, भाई, गल्लीतून काढ, स्कूटरवाल्यांच्या शिव्या मी खाईन. जिना चढले तेव्हा धनाजीराव माडीवर भिंगाखाली एक पान धरून बसले होते. अहल्या दाराशी उभी. सून अवंती, पाचवा महिना लागलेला, पायरीवर बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"या वहिनी! चहा?"

"चहा राहू दे. माझं नाव पुढे करून औषध टाळलंत?"

"औषध नाही टाळलं, तारीख टाळली. तुम्हीच म्हणालात दुसरं काही ठेवू नका. बाबांना उशीर खपत नसे. मी एकटा मुलगा, माझ्यावाचून करणार कोण?"

खरं सांगते, शास्त्र त्यांच्या बाजूचं होतं. तिथी म्हणजे तिथी. मी काही शास्त्राला मुरड घालणारी बाई नाही. पण तितक्यात अवंतीच्या हातातला फोन पुन्हा वाजला आणि तिनं तो मोठ्या आवाजावर लावला. संयोगिताबेन होत्या. त्या शांतपणे बोलत होत्या, आणि तेच जास्त भीतीदायक वाटत होतं.

"काका, सांभळो, नीट ऐका. तुमचे कण परदेशातल्या अणुभट्टीत तयार झाले आणि निघालेसुद्धा. आत्ता विमानात असतील. अडीच-पावणेतीन दिवसांत त्यांची ताकद निम्मी होते. नंतर निम्म्याची निम्मी. गुरुवारी सकाळी ते तुमच्या गाठीला बरोबर पुरतात, असा हिशेब करून बनवलेत. पुढच्या गुरुवारी सहावा हिस्सा उरेल. तो टाकून द्यायचा."

"मग दुसऱ्या कुणाला द्या ना, बेन. वाया कशाला?"

"दुसऱ्याला कसे देणार? दुसऱ्याची गाठ वेगळी. एना पर तमारुं नाम लखेलुं छे, काका."

"माझं नाव?"

"तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट."

फोन बंद झाला. धनाजीराव भिंगातून बघत होते, पण पान उलटं धरलेलं होतं.

आणि तेवढ्यात मला उत्तर सापडलं. सापडलं कसलं, लहानपणापासून माहीत होतं, पण राग आला की माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. "भावजी," मी म्हटलं, "तिथीला श्राद्ध राहिलं तर शास्त्रात सर्वपित्री अमावास्या ठेवलेली आहे. ज्याचं चुकलं, ज्याचं राहिलं, ज्याला जमलं नाही, त्या सगळ्यांसाठी. रविवारी अमावास्या. पितरांनी तुमच्यासारख्यांची सोय हजारो वर्षांपूर्वी करून ठेवलीये. या काचेच्या कणांनी नाही ठेवली. त्यांची अमावास्या नसते."

अवंती फिसकन हसली. अहल्या हसली नाही.

धनाजीरावांनी पान टेबलावर ठेवलं. बराच वेळ त्याच्या कडा सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, गेलो नाही तर निदान असं तरी म्हणता येतं, की अजून एक उपाय शिल्लक आहे. गेलो, आणि लागू पडला नाही, तर?"

तेव्हा कुठे मला कळलं. सगळी टाळाटाळ आळसाची नव्हती. माणूस भ्यायला होता. सोनोग्राफीचे दोन महिने, तालमीच्या दिवशीचा तो रद्दीवाला, सगळं त्यातलंच.

अहल्या दारातून आत आली. म्हणाली, "नाही पडला तर डॉक्टर दुसरं काढतील. शिरेतून द्यायची इंजेक्शनं आहेत, अंगातल्याच पहारेकऱ्यांना जागं करणारी. त्यांनी सांगितलं होतं, तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पण नावाचं पार्सल दारात येऊन परत गेलं, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आणि हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणतेय."

"एकोणचाळीस," धनाजीराव म्हणाले.

"मांडवातले पावणेदोन तास धरून चाळीस."

यावर त्यांनी भिंग बाजूला सारलं. अवंतीनं लगेच हॉस्पिटलात फोन लावला आणि येतोय म्हणून सांगितलं.

गुरुवारी मी पहाटे देवपूजा उरकून सहाला रावपुऱ्यात पोचले. म्हटलं, उठवण्यापासून तयारी. तर काय! धनाजीराव अंघोळ करून, पांढरा सदरा घालून खाली ओट्यावर बसलेले. पोटात पाण्याचा थेंब नाही, हातात फाइल. उलट ध्रुवचाच पत्ता नव्हता, त्याला गाडीची किल्ली सापडेना. धनाजीराव दर दोन मिनिटांनी वर तोंड करून ओरडत होते, "अरे, निघायचंय की नाही? लोकांना वेळेचं काही आहे का!" समोरचा सोनार दुकान झाडता झाडता थांबला आणि त्यानं मला खुणेनं विचारलं, तब्येत ठीक आहे ना यांची?

आठ वाजता आम्ही हॉस्पिटलात. संयोगिताबेन अजून यायच्या होत्या. आल्या तेव्हा बाकावर बसलेल्या धनाजीरावांना बघून त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग स्वतःचं मनगट.

साडेनऊ झाले. दहा झाले. सव्वादहा.

"बेन, बोलवत का नाहीत?"

संयोगिताबेन पदराशी चाळा करत म्हणाल्या, "काका, शुं कहुं... आजे तमे वहेला, ने दवा मोडी. आज तुम्ही लवकर, आणि दवेलाच उशीर. विमानतळावरून निघालेली गाडी हायवेवर अडकलीये. ट्रक उलटलाय."

मग काय विचारता! ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्या गावाला वाट बघायला लावली, तो त्या लांबलचक दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागला. "दहा म्हणजे दहा. आम्ही उपाशीपोटी येऊन बसायचं, आणि यांनी यावं तेव्हा यावं! काही शिस्त?" ध्रुव तोंड फिरवून हसत होता. अहल्येनं इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या एका वाक्यात घातलं, "शांति राखो."

पण मला हसू येत नव्हतं. औषध त्या गाडीत क्षणाक्षणाला विझत होतं. मी पिशवीतून जपमाळ काढली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांना गाठून विचारलं, किती उशीर चालेल? म्हणाले, दुपारपर्यंत मोजमापात बसतं, संध्याकाळ झाली तर पुन्हा हिशेब करावा लागेल. मी माळ ओढायला लागले. एक सांगते, इतक्या वेगानं नामस्मरण करू नये. माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

अकरा चाळीसला दोन माणसं जड शिशाची डबी छोट्या गाडीवर ठेवून लिफ्टमधून आली. धनाजीराव उठून उभे राहिले. आपण साहेब आल्यावर उभं राहतो ना, तसे. त्यांनी त्या माणसांना थांबवलं, चष्मा सारखा केला आणि डबीवरची चिठ्ठी वाचली. स्वतःचं नाव, मधे मानसिंगराव. खाली मात्रेचे आकडे आणि तासासकट वेळ.

"बरोबर आहे," ते म्हणाले, "माझंच आहे." आणि त्या गाडीच्या मागे मागे आत गेले.

दीड तास लागला. भूल फक्त जागेपुरती, ते जागेच होते. जांघेतून नळी वर गेली, आणि पडद्यावर त्यांना आपली धमनी दिसत होती, वाळलेल्या झाडाच्या फांदीसारखी. डॉक्टरांनी नंतर आम्हाला सांगितलं, की काका पूर्ण वेळ सूचना देत होते. "सावकाश, डॉक्टर. वळणावर सावकाश."

बाहेर बारा वाजले तेव्हा अहल्या म्हणाली, "बाबांची वेळ झाली." आम्ही दोघींनी बाकावर बसूनच दक्षिणेकडे हात जोडले.

घरी सोडताना सूचनांचा कागद मिळाला. आठवडाभर गरोदर बाईपासून आणि लहान मुलांपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं, कोणाला चिकटून बसायचं नाही. ध्रुवला ते सगळं चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटलं. जन्मभर सोवळं पाळलेल्या बाईला यात नवीन काय? शिवू नकोस, लांब उभा राहा, ताट वरून वाढ. मी अवंतीला माडीच्या जिन्याची हद्द घालून दिली आणि सगळं घर तासाभरात वळणावर आणलं. थकवा बराच होता, अन्नावर वासना नव्हती, तरी रविवारी अमावास्येला धनाजीराव बारा वाजता पाटावर होते. गुरुजी मात्र संकोचून दारापाशी उभे. किरणं बाधतील म्हणून त्यांनी चार हातांवरून मंत्र सांगितले. स्वयंपाकघरातून अवंती ओरडून विचारत होती, "बाबा, खीर गोड झाली का?" आणि धनाजीराव बाहेरून ओरडून, "पितरांना विचारतो!"

डिसेंबरात स्कॅन झालं. त्या दिवशी आम्ही पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत बसलो. धनाजीरावांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे फिरवला. गाठ निम्म्याहून लहान झालेली, आणि जी होती ती आतून बहुतेक मेलेली, काळीभोर. डावी बाजू तिच्यापाशी चांगली पसरून बसली होती.

"सगळं संपलंय असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता काढता येईल. जानेवारीत ऑपरेशन करू."

मी अहल्येकडे बघितलं. उपचार सुरू झाल्यापासून तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नव्हतं. तिनं फक्त पदर सारखा केला आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "हेच गुजरातीत सांगाल का एकदा? दोन्ही भाषांत ऐकलं की माझी खात्री पटेल."

डॉक्टरांनी सांगितलं. मग तिनं विचारलं म्हणून आणखी एकदा मराठीत सांगितलं.